पिच्चरातली मिरची

जालन्याच्या टॉकीजची जाहिरात पेपरात वाचली आणि देवानंद सरांच्या बशीतला चहा लेंग्यावर सांडला. परग्रहावरून आलेल्या प्राण्यांची ती जुनी, जगभर गाजलेली कादंबरी आता पडद्यावर येत होती, तीही हिंदीतून. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. सरांनी मात्र पेपर घडी करून गादीखाली सारला.

कारण ही कादंबरी पिंपळगाव रेणुकाईत आणली होती सरांनीच. शाळेत ते ती अशी रंगवून सांगत की पोरांच्या मागे आईबापही खिडकीशी उभे राहत. पण रद्दीतून घेतलेल्या त्या पुस्तकाची शेवटची पानंच नव्हती. प्राणी पृथ्वी गिळायला निघालेत आणि पुढे थेट पुठ्ठा! पोरं थोडीच सोडतात? गाव पडलं मिरचीचं. तेव्हा एका म्हातारीने मिरच्या जाळल्या आणि ठसका लागून प्राणी पळाले, असा शेवट सरांनी ठोकून दिला. वर शास्त्रीय कारण जोडलं, की परग्रहावर मिरची पिकत नाही. त्या दिवसापासून त्यांना जो मान मिळाला तो सरपंचालाही नव्हता.

आता सगळं पितळ उघडं पडणार होतं.

"सर, टेम्पो ठरवला!" मिरचीचे व्यापारी कारभारी धावतच आले. "सारं गाव येऊन राह्यलंय. आपली मिरची पिच्चरात म्हणल्यावर घरी कोण बसंल?"

"अहो, लई भीतीदायक आहे तो," सर घाईघाईने म्हणाले. "बायामाणसांनी बघण्यासारखा न्हाई."

झालं! बायांनी आपला वेगळा टेम्पो ठरवला.

"आणि पिच्चरवाले शेवट बदलतात बरं का," सरांनी दुसरा फासा टाकला.

"बदलून तर पाहू द्या! मिरची दिसली न्हाई तर टॉकीजवाल्याला बराबर जाब इचारू. बोलायला तुम्हीच पुढं व्हा, सर."

गंमत अशी की खरा शेवट कळावा म्हणून गावात सगळ्यात जास्त जीव सरांचाच तळमळत होता. कित्येक वर्षं त्या अर्धवट पुस्तकाने त्यांना छळलं होतं.

दुपारच्या खेळाला टॉकीज पिंपळगावानेच भरली. मध्यंतर झालं, पडद्यावर शहरंच्या शहरं पेटली, प्राणी माजले. म्हातारीचा पत्ता नव्हता.

"सर, म्हातारी कव्हा येती?" मागून चांगुणाबाईंनी विचारलं.

"येईल, येईल," सर कसंबसं म्हणाले.

"मेलीला कव्हा सुचायचं! लेकरं मरून राह्यले तिथं!" म्हणत चांगुणाबाई तरातरा उठल्या. जालन्यातल्या लेकीसाठी आणलेली सुक्या मिरचीची पिशवी त्यांच्या हातातच होती. दाराबाहेर चहावाल्याची शेगडी फुलली होती. त्यांनी पदराने धरून ती आत ओढली आणि पिशवी उपडी केली.

पहिला ठसका कारभाऱ्यांना लागला. मग सगळ्या टॉकीजला. बायाबाप्ये, डोअरकीपर, चहावाला, सगळे खोकत, शिंकत, डोळे चोळत अंगणात पळाले. मशीन तसंच सोडून ऑपरेटरही पळाला. धूर निवळल्यावर लोकांनी आत डोकावून पाहिलं, तर रीळ संपून पडदा पांढराफटक पडलेला.

"पळाले का न्हाई?" चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"सरांनी सांगितलं तस्संच!" कारभारी ओरडले आणि गाव चांगुणाबाईंना उचलून नाचू लागलं.

सर टॉकीजच्या पायरीवर मटकन बसले. अब्रू वाचली होती, पण शेवट पुन्हा हुकला होता. शेजारी सत्यशीलाबाई, म्हणजे त्यांची बायको, पदराने नाक पुसत होत्या.

"त्या रद्दीवाल्याचं वाटोळं होवो," सर पुटपुटले. "त्यानं पानं फाडली नसती तर..."

"त्याला कशाला बोल लावता? मीच फाडली व्हती. आपली बेबीनंदा तान्ही व्हती तव्हा, चूल पेटवायला."

सरांचा आ वासला तो मिटेचना. ज्या रद्दीवाल्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या तो निघाला निर्दोष, आणि गुन्हेगार रोज समोर ताट वाढत होती!

"न वाचताच फाडली?"

"वाचून फाडली की."

"मंग सांग ना! खरा शेवट काय हाये?" सरांचा आवाज रडवेला झाला.

सत्यशीलाबाईंनी अंगणात नाचणाऱ्या गावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेवटात मिरची तरी हाये."