अण्णा चौदाव्या उताऱ्यात

रेवती घोडकेचे वडील, अण्णा, फाल्गुनात वारले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या सरावाच्या पुस्तकात, उतारा क्रमांक चौदामध्ये, दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी उभे असलेले आढळले.

पुस्तक इंग्रजीचं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी घेतलेलं, चांगलं जाडजूड. पुढच्या अर्ध्यात शब्दांच्या याद्या, मागच्या अर्ध्यात पन्नास उतारे आणि प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न. चौदावा उतारा परदेशातल्या एका आटलेल्या तळ्याबद्दल होता. रेवतीने तो अण्णा असताना दोनदा वाचला होता. तेव्हा त्यात माणूस असा कोणी नव्हता, नुसती आकडेवारी आणि लेखकाची हळहळ. आता मात्र तिथे स्वच्छ छापलं होतं की तळ्याच्या काठी एका खड्ड्यापाशी खाकी पँट आणि बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला एक मनुष्य लोखंडी चावी घेऊन उभा आहे. स्वेटरचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे, हेही दिलं होतं. ते बटण रेवतीनेच लावलेलं होतं. ती पुस्तक छातीशी धरून रडली, आणि मग उठून आईला सांगायला गेली.

अण्णा नगरपालिकेत वॉलमन होते. म्हणजे गावाला नळाचं पाणी सोडणारे. एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला कमरेएवढी लांब चावी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घालून त्यांनी पाच गल्ल्यांचं पाणी सोडलं, आणि त्या खड्ड्यापाशीच ते गेले. चावी तेवढी कुठे मिळाली नव्हती.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ‘टाइम’, ‘ओके’ आणि ‘लीकेज’, एवढ्यावर त्यांचं भागायचं. पण लेकीच्या अभ्यासाला घड्याळ लावायचं काम त्यांचं. एका उताऱ्याला दहा मिनिटं. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि गप्प बसायचे. दहा मिनिटं संपली की लगेच बोलायचे नाहीत, वर अर्धं मिनिट जाऊ द्यायचे आणि मगच म्हणायचे, “झाली बघ वेळ.” रेवतीला ते अर्धं मिनिट ठाऊक होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

क्लासचे खंडागळे सर जुने माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेलं.

“वडील का?”

“हो सर.”

“बरं. होतं असं. माझ्या एका विद्यार्थ्याची मावशी दोन वर्षं शब्दयादीत होती. त्याचं काही नाही. पण नियम तुला माहीत आहेत ना?”

“उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं. बाहेरची माहिती आणायची नाही.”

“हां. आता तुझ्या बाबतीत बाहेरची माहिती म्हणजे ते वारले, ही. ती उत्तर देताना धरायची नाही. आणि पाचही उत्तरं बरोबर आली की उतारा मिटतो. एकदा मिटला की आत काही हलत नाही, पाखरूसुद्धा. नुसती छापील अक्षरं राहतात.”

“आणि नाहीच मिटला तर?”

“जो मिटत नाही तो परीक्षेत समोर येतो. ते काही चुकत नाही.” सरांनी पुस्तक परत दिलं आणि फळा पुसायला घेतला.

उताऱ्याखालचे पहिले चार प्रश्न जुनेच होते, तळ्याचे. पाचवा बदलला होता. उताऱ्यातला मनुष्य अजून घरी का गेलेला नाही? पर्याय चार. तळं अजून भरलेलं नाही. त्याला रस्ता माहीत नाही. त्याच्यापाशी घड्याळ नाही. त्याला कुणी ‘जा’ म्हटलेलं नाही.

रेवती मुळात हुशार पोरगी. बरोबर उत्तर कुठलं ते तिला पहिल्याच वाचनात कळलं. तिने पहिल्या चौकटीत खूण केली, चूक घेतली आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी परत तेच केलं. पाचातले चार आले की उतारा उघडा राहत होता आणि अण्णा काठावर उभे राहत होते. लेकरू कुणाचंही असो, दुसरं काय करणार होतं?

बोलणं समासातून व्हायचं. रेवतीने समासात पेन्सिलीने लिहायचं, आणि पुढच्या वाचनाला उत्तर उताऱ्यात छापून आलेलं असायचं. अर्थात इंग्रजीत, आणि इंग्रजी त्या पुस्तकाचंच, जड. पहिल्यांदा तिने विचारलं, “अण्णा, कसे आहात?” उत्तराच्या एका ओळीत तिला न येणारे चार शब्द होते. तिने याद्या धुंडाळल्या आणि आईला अर्थ लावून दाखवला.

“म्हणताहेत, ‘माझी प्रकृती समाधानकारक असून परिसर निर्जन परंतु सुसह्य आहे.’”

आईने तोंडाला पदर लावला. “अगं बाई! हे असं कधी बोलले नाहीत गं ते.”

“पुस्तकच तसलं आहे आई.”

“बरं, विचार त्यांना, माडीवरच्या टाकीचं झाकण कुठं ठेवलंय. वाऱ्यानं उडालं तवापासून घावंना.”

उत्तर आलं की सदर झाकण जिन्याखालील अंधाऱ्या भागात उभे करून ठेवले असल्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी दर दोन-चार दिवसांनी आई झाकणाचंच विचारायला लावायची. जिन्याखाली कुठल्या बाजूला, उजव्या की डाव्या, उभं की आडवं. आणि अण्णा दर वेळी न कंटाळता सांगायचे.

एक मात्र झालं. अण्णांचं बोलणं कळावं म्हणून रेवतीने शब्दांच्या याद्या अशा घोटल्या की सर थक्क झाले. उन्हाळा सरेपर्यंत दीड हजार शब्द तिच्या तोंडात होते. चौदावा सोडून बाकीचे उतारे एकामागून एक मिटत गेले.

मधेच नगरपालिकेचं पत्र आलं. चावी सरकारी मालमत्ता आहे, ती जमा करावी. मायलेकी पुस्तक घेऊन पाणीपुरवठा विभागात गेल्या. तिथले बनसोडे भाऊसाहेब अण्णांच्या बरोबरीचे, पण कागदाला पक्के. त्यांनी रेवतीकडून ओळ दोनदा वाचून घेतली आणि फायलीवर लिहिलं, ‘चावी उताऱ्यात आढळली. ताबा कर्मचाऱ्याकडे.’

“पण वहिनी, असं किती दिवस चालायचं? तुमच्या बाजूला दुसरी चावी लागत नाही. पान्ह्यानं उघडावं लागतंय, पाणी कधी आठला येतंय, कधी येतच नाही. तुम्ही नोटीस घाला त्यांना समासात.”

घातली. उत्तर आलं ते भाऊसाहेबांना वाचून दाखवलं. ‘मला आपल्या आज्ञेचा संपूर्ण आदर आहे, तथापि कर्तव्यावरून मुक्त केले गेल्याखेरीज साधन हातावेगळे करणे मला प्रशस्त वाटत नाही.’

बनसोडे भाऊसाहेबांनी ते उत्तर फायलीत उतरवून घेतलं. “बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “बदली माणूस येऊन ‘जा घोडके’ म्हणाल्याशिवाय हा कधी खड्ड्यावरनं हलला नाही. दिवाळीला पण नाही.” त्यांनी फाईल बांधली. रेवतीने पुस्तक उचलून पिशवीत टाकलं.

परीक्षा मार्गशीर्षात होती. दिवाळी झाली आणि एके संध्याकाळी खंडागळे सर स्वतः घरी आले. चहा झाला. मग त्यांनी सराव चाचण्यांचा कागद काढला.

“वहिनी, हिचं सगळं चोख आहे. एकोणपन्नास उतारे मिटले. एक चौदावा मिटत नाही, आणि तोच परीक्षेत येणार. पुण्याच्या कॉलेजात जागा मोजक्या. एका प्रश्नावर दोनशे पोरं पुढं जातात. हे घोडक्यांनाही पसंत पडलं नसतं.”

सर गेल्यावर आईने कपबश्या विसळल्या नाहीत. भिंतीला टेकून बसली. “रेवा, तो प्रश्न मला मराठीत सांग.”

रेवतीने सांगितला. चारही पर्याय सांगितले.

“यातलं खरं कुठलं?”

रेवती कपबश्या उचलायला लागली.

“अगं, मी विचारते काहीतरी.”

“चौथं.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

आईचा आवाज चढला. “आणि आठ महिने माणसाला उभं ठेवलंस? गुडघे दुखतात गं त्यांचे! रोज रात्री तेल लावत होते मी. तिथं कोण लावतंय?”

“मला करमत नाही आई त्यांच्यावाचून.” रेवती हमसून हमसून रडायला लागली. “मी चौथ्यावर खूण केली की संपलंच ना सगळं. मीच संपवल्यासारखं होईल.”

“आणि मला करमतं व्हय? मला करमतं?” आईने तिला जवळ ओढलं. मग आई नाक पुसत म्हणाली, “मी तरी काय वेगळं केलं? झाकण मला पहिल्याच दिवशी घावलं होतं. जिन्याखालीच होतं. आठ महिने विचारत बसले.”

त्या संध्याकाळी पुस्तक कुणी उघडलं नाही. परीक्षेपर्यंतसुद्धा नाही. आईने ते गाद्यांच्या घडीवर ठेवून दिलं, वर अण्णांचा टॉवेल टाकला.

परीक्षा सोलापूरला, संगणकावर. हॉलमध्ये तीनशे पोरं, प्रत्येकापुढे एक पडदा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. रेवतीने शब्दांचे प्रश्न केले. मग पहिला उतारा आला आणि गेला, दुसरा आला आणि गेला. तिसरा आला तो तळ्याचा.

अण्णा काठावर होते. उताऱ्यात लिहिलं होतं की मनुष्याने चावी खांद्याला टेकवली आहे आणि तो एक पाय सोडून दुसऱ्यावर भार देत आहे. तळ्याला घोटाभर पाणी आलं होतं. आधीच्या कुठल्याही वाचनात ते नव्हतं. नऊ महिन्यांत एकट्याने एवढं आणलं म्हणजे थोडं नव्हतं. इथे समास नव्हता, की पेन्सिल नव्हती.

पहिले चार प्रश्न तिने सोडवले. पाचव्याशी हात थांबला. घड्याळात दोन मिनिटं होती. तिने उतारा परत वाचला. मग एक मिनिट राहिलं. तिला पुण्याचं कॉलेज आठवलं नाही, अण्णांचे गुडघे आठवले. तिला वाटलं, अजून एकदा वरपासून वाचावं, बटणापर्यंत तरी. घड्याळ शून्यावर आलं.

शेजारच्या पोराचा पडदा बंद झाला. पुढच्या रांगेतले बंद झाले. रेवतीचा चालूच होता. घड्याळ शून्यावर होतं आणि उतारा तसाच समोर होता, पूर्ण अर्धं मिनिट. पर्यवेक्षक बाई जवळ येऊन बघून गेल्या.

“जा अण्णा,” रेवती पुटपुटली आणि तिने चौथ्या पर्यायावर खूण केली.

मिटायच्या आधी उताऱ्यात एक ओळ वाढली. मनुष्याने चावी उचलली, वळून पाहिलं आणि विचारलं, जेवलीस का? इंग्रजीतच होतं, पण साधं. त्यात तिला न येणारा एकही शब्द नव्हता. मग पडदा बंद झाला.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने विचारलं, “आला होता?”

“आला होता.”

“मग?”

“मिटला.”

आईने मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या मागे, अण्णांच्या नेहमीच्या जागी, चावी टेकवून ठेवलेली होती. टोकाला ओला चिखल होता, आणि तो त्या गावच्या काळ्या मातीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघींनी ती नगरपालिकेत नेली. बनसोडे भाऊसाहेबांनी चावी उभी करून पाहिली, रजिस्टर काढलं. “जमा कुणी केली म्हणून लिहू?”

“त्यांनीच केली,” आई म्हणाली.

“बरं.” त्यांनी लिहिलं, ‘कर्मचाऱ्याने स्वतः.’ खाली शिक्का मारला आणि पोहोच फाडून दिली. निकाल माघात लागला. पुण्याच्या कॉलेजात रेवतीचं नाव लागलं.

पण पाणी चावी जमा झाल्यावर तिसऱ्याच दिवशी वेळेवर आलं, बरोबर सहाला. आई हंडा घेऊन नळापाशी गेली. धार पडायला लागली तरी तिने हंडा खाली लावला नाही. आत रेवतीची चाहूल लागली तशी ती न वळताच म्हणाली, “राहू दे जरा वेळ. वाहू दे.”