अर्ध्या क्लचची मोहीम

सर्व लहानथोरांस विदित व्हावे की, या भूतलावर जितकी म्हणोन वाहने चालली, चालतात व पुढे चालतील, त्यांची आदिकालापासोन कुळे दोनच: एक स्वहस्ते गिअर घालोन हाकण्याचे, आणि दुसरे आपोआप गिअर पडण्याचे. या दोन कुळांचे वैर साप-मुंगसाहून जुने. त्यापायी मातब्बर घराणी दुभंगली, सख्ख्या भावाने भावास किल्ली देणे सोडिले, आणि शहाणीसुरती माणसे भरल्या ताटावरोन उठोन गेली. त्या वैराचा निकाल ज्या महायुद्धात लागला त्याचे साद्यंत वर्तमान पुढे लिहिले असे. युद्धास कारण इतुकेच की, जुनी गाडी ओढ्यात बंद पडली आणि ढकलता ढकलता गिअररावांची एक चप्पल वाहोन गेली.

गिअरराव हे हयातभर बसगाडीचे चालक. हा किताब त्यांस डेपोच्या सोबत्यांनी बहाल केला, कारण राव घाटात गिअर ऐसा बदलीत की मागल्या बाकावर निजलेल्या उतारूची मानदेखील हलत नसे. मग वय जाहले आणि निवृत्ती आली. बस गेली, गणवेश गेला, भोंगा गेला, आणि जहागिरीत उरला तो एवढा गिअर. तोही बसचा नव्हे, खेकडीचा.

खेकडी म्हणजे घरची एटीव्ही. मुठी मोटारसायकलीच्या, चार चाके ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाची, डोक्यावर छप्पर नाही; परंतु खडक, चिखल, ओढा, काही म्हणता काही वर्ज्य नाही. क्लच डाव्या मुठीत आणि गिअर डाव्या पायाशी. तिजवर स्वार होऊन राव डोंगरावरच्या माळास जात, कारण माळावर मधमाश्यांच्या पेट्या होत्या. पेट्यांचे राज्य अर्धांगी बाईसाहेबांचे. माश्या बाईसाहेबांच्या उघड्या मनगटावरोन पोरीबाळींसारख्या फिरत, आणि रावांस पाहताच फौजबंद होऊन चालोन येत. सबब उभयतांत कामाची वाटणी ऐसी की, रावांनी हाकावे, बाईसाहेबांनी माश्या शांत करण्याचे धुराडे मांडीवर घेऊन मागे बसावे, आणि वर पोचताच रावांनी दूरच्या खडकाआड तोंडाला रुमाल गुंडाळोन बंदोबस्तास उभे राहावे.

या राज्यव्यवस्थेत खोट एकच होती, ती रावांची दुपारची निद्रा. जेवण जाहले की राव जे आडवे होत ते चहाच्या वासानेच उठत. आणि माश्यांचे काम तर नेमके दुपारच्या उन्हात. बाईसाहेब धुराडे भरोन, जाळीची टोपी घालोन ओसरीवर बसोन राहत, आणि आत घोरण्याचा चौघडा वाजत राही. हे वर्षानुवर्षे चालले. मग खेकडी ओढ्यात निवर्तली, आणि ऐन त्याच वेळी माळ फुलला. बाईसाहेब पायी वर जाऊ लागल्या, आणि पाठीवर मावेल तितकाच मध खाली येऊ लागला. पेट्या तुडुंब भरल्या. वेळेत मोकळ्या न केल्यास माश्या आपली राणी घेऊन घर सोडोन जातील, ऐसा पेच पडला. तेव्हा नवी गाडी घ्यावी, येथवर कोणाचाच उजर नव्हता. गाडी कोणत्या कुळीची घ्यावी, येथे तलवारी उपसल्या.

मसलतीचा दरबार स्वयंपाकघरात भरला. तख्ताच्या जागी गॅसशेजारचा स्टूल, त्यावर रावांच्या थोरल्या भगिनी अक्कासाहेब विराजमान, हाती सोलायचे वाटाणे. रावांनी फर्माविले की, घ्यायची तर गिअरचीच. ज्या वाहनास स्वाराची गरज नाही त्यावर बसणे म्हणजे पाळण्यात बसणे.

बाईसाहेबांनी नम्रपणे अर्ज केला, "अहो, पण ती बिनगिअरची घेतली तर मला पण चालवता येईल."

"तुला कशाला चालवायची? मी आहे ना!"

"तुम्ही आहात. झोपलेले आहात."

हा वार वर्मी बसला. राव किंचित मागे हटले, परंतु लगोलग नवा मोर्चा बांधोन बोलले की, उतारावर गाडीला धरोन ठेवतो तो गिअर, आपोआपवाली उतारावर सुसाट सुटते आणि स्वारास घेऊन थेट ओढ्यात जाते.

अक्कासाहेब वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "आणि तुझी गिअरची कुठे गेली रे? ओढ्यातच ना?"

मग रावांनी तहाची उदार तजवीज मांडली: गाडी गिअरचीच घ्यावी, परंतु बाईसाहेबांस ती चालविण्याची विद्या आपण स्वतः द्यावी, एकदा अर्धा क्लच हाताला कळला की पुढे काहीच नाही. बाईसाहेबांनी तह कबूल केला. त्यांच्या मनी जिंकणे-हरणे नव्हतेच. त्यांस फक्त माळ दिसत होता.

मग खासा स्वारी शोरूमवर चालोन गेली. सोबत बाईसाहेब, आणि मजा पाहण्यास अक्कासाहेब. शोरूमचे वकील म्हणोन एक टायवाले तरुण गृहस्थ सामोरे आले, पाणी दिले, आणि उभयपक्षांशी इतके गोड बोलले की दोघांसही ते आपलेच हेर वाटले. शोरूमच्या पिछाडीस मोकळे मैदान होते. त्यात चढ-उताराची मातीची एक टेकडी रचलेली, कडेने जुन्या टायरांचा तट, आणि तटापाशी गाड्या धुतल्याचा चिखल. मैदानात दोन एटीव्ही उभ्या केल्या: लाल ती गिअरची, हिरवी ती बिनगिअरची.

प्रथम बाईसाहेब लालवर स्वार जाहल्या. राव शेजारी उभे राहोन गर्जले, "क्लच दाब. पायानं पहिला टाक. आता हळूहळू क्लच सोड. अर्धा! अर्धा!"

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"अर्धा म्हटलं ना मी!"

"अर्धाच सोडला."

"हा अर्धा नव्हे, हा पाऊण."

"मग अर्धा म्हणजे नक्की कुठवर ते सांगा ना!"

"ते सांगता येत नाही. ते हाताला कळतं."

"माझ्या हाताला तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

येणेप्रमाणे घनघोर युद्ध माजले. अर्ध्याचा पाव जाहला, पावाचा दीड जाहला, गाडी उड्या मारी आणि बंद पडे, मग पुन्हा चालू होई आणि पुन्हा बंद पडे, आणि राव तिच्यासोबत मैदानभर धावत "अर्धा" म्हणोन ऐसा पुकारा करीत की रस्त्यावरचा एक वाटसरू थांबोन, इथे काही अर्ध्या भावात मिळते काय, ऐसे विचारता जाहला. टेकडीच्या चढावर बाईसाहेबांनी शेवटची शर्थ केली. गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. बाईसाहेबांनी ब्रेक दाबोन ती सावरली, खाली उतरल्या, आणि पदराने कपाळ पुसले. त्यांनी माळाच्या दिशेने एकवार पाहिले ते रावांच्या नजरेतून सुटले नाही.

ऐशा वेळी कच्चा सेनापती माघार घेता. रावांनी उलट चढाई केली. त्यांनी जाहीर केले की, हिरवीत काही राम नाही हे आपण स्वतः बसोन सिद्ध करू. टायवाले वकील पुढे येऊन काही विनवू लागले, "काका, एक मिनिट, हिच्यात डावीकडं जे..." परंतु रावांनी हात वर करोन त्यांस गप्प केले आणि फर्माविले, "बाळा, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी गाडी हाकतोय."

राव हिरवीवर आरूढ जाहले. अंगठ्याने वेग दिला. गाडी लोण्यातून सुरी जावी तैसी निघाली. रावांचे मुखकमल क्षणमात्र प्रसन्न जाहले आणि त्यांनी ते तत्काळ आवरले. मग वेग वाढला, इंजिनाचा आवाज चढला, आणि हयातभराच्या सवयीने रावांचे कान म्हणाले, आता दुसरा टाक. डावा पाय गिअर शोधीत खाली गेला. तेथे काहीच नव्हते. डाव्या मुठीने क्लच सर्व ताकदीनिशी दाबला.

परंतु ज्या गाडीस क्लचच नाही तिच्या डाव्या मुठीत कारखानदारांनी ब्रेक बसविलेला असतो, हे वकिलांचे राहिलेले वाक्य होते.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. राव राहिले नाहीत. ते मुठींवरोन अल्लद पुढे गेले, टायरांच्या तटास छातीने भेटले, आणि तेथोन सावकाश घसरत चिखलात मुक्कामास उतरले. कोठे खरचटले नाही, मोडले नाही. मिशीचा उजवा पंख मात्र चिखलात गेला.

"लागलं का हो?" बाईसाहेब धावल्या.

"लागायचं काय त्यात? ब्रेक तपासत होतो. चांगला आहे."

अक्कासाहेब तटावरोन वाकोन म्हणाल्या, "आणि चिखल? तोही तपासलास का?"

राव पुन्हा आरूढ जाहले, कारण एका पराभवाने मोहीम सोडणे त्यांच्या दौलतीस शोभत नव्हते. पुन्हा वेग, पुन्हा डावी मूठ, पुन्हा गाडी उभी. या खेपेस टाकीवर पोट आपटले. तिसऱ्या खेपेस त्यांनी मनाशी शपथ वाहिली की डाव्या हाताने काहीही करायचे नाही, आणि वळणावर डाव्या हाताने केलेच. जो हात घाटात निजलेल्या उतारूची मान हलू देत नव्हता, त्यास खेकडीवरची शिकवण विसरता येईना. ते ओशाळे होऊन उतरले.

मग बाईसाहेब कोणास न विचारता हिरवीवर बसल्या. त्यांच्या डाव्या हातास विसरण्याजोगे काहीच नव्हते. अंगठा दाबला आणि गाडी निघाली, टेकडी चढली, माथ्यावर उभी राहिली, आणि पलीकडे दिसेनाशी जाहली. मग इंजिनाचा आवाज फिरोन जवळ आला आणि बाईसाहेब टेकडीला वळसा घालोन आल्या. केस विस्कटलेले, आणि मुद्रा ऐसी की रावांनी ती लग्नाच्या फोटोतदेखील पाहिली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं माळावर जाते मी. पण बघितली ती तुमची पाठच. आज पहिल्यांदा समोर काय असतं ते बघितलं."

बसमध्ये गिअररावांच्या समोर सदैव भली मोठी काच होती, आणि मागे बसलेल्यास काय दिसते हा विचार त्यांस कधी शिवला नव्हता. त्यांनी मिशीचा चिखल पुसला, हिरवीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि वकिलांस बाजूस घेऊन खालच्या आवाजात चौकशी केली.

"ते उजवीकडं काय आहे? दांडा आहे ना तो?"

"हो काका. पुढं, मागं, न्यूट्रल आणि चढ-उतारासाठी सावकाश. उतारावर सावकाशमध्ये टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं."

"म्हणजे हातानं टाकावं लागतं?"

"हो, तेवढं हातानंच."

राव ताठ जाहले, छाती फुगली, आणि त्यांनी भर मैदानात द्वाही फिरविली की, ज्या गाडीत दांडा आहे आणि तो हाताने टाकावा लागतो, ती गिअरचीच गाडी. सबब आपला शब्द राहिला आणि हिरवीच घ्यावी.

अक्कासाहेब काही बोलणार, तोच बाईसाहेबांनी त्यांचा हात दाबला. "हो ना," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "गिअरचीच आहे. मला आधी कळलंच नाही."

मग तह जाहला. किल्ली बाईसाहेबांच्या कमरेस असावी. दांड्याचे मानकरी राव असावेत, परंतु राव निद्रेत असता दांडा बाईसाहेबांनी टाकला तरी तो रावांच्याच नावे टाकला ऐसे समजावे. आणि क्लच हा शब्द घरात कोणी काढू नये. उभयपक्षी राजी जाहले. वकिलांनी सर्वांस चहा दिला.

येणेप्रमाणे गिअरराव यांनी स्वपराक्रमे, चिखल व टायर यांची तमा न बाळगता, शत्रूच्या गाडीचे गिअरच्या गाडीत रूपांतर करोन ती आपल्या दौलतीत दाखल केली. माळ राखिला, माश्या राखिल्या, शब्द राखिला. ऐसा विजय मागे कोणास लाभला नाही, पुढे लाभेल ऐसे दिसत नाही. लेखन खरे जाणावे, मोर्तब जाहले असे.

मोर्तबाच्या दुसऱ्याच दिवशी जेवणे आटोपली आणि ऊन माळावर चढले. बाईसाहेबांनी जाळीची टोपी घातली, धुराडे पुढे बांधले आणि हिरवी सुरू केली. आत अंथरूण घातलेले होते, परंतु चौघडा वाजत नव्हता. विजयी वीर एका नव्या व एका जुन्या चपलेनिशी फाटकापाशी येऊन उभे होते. त्यांनी तोंडाला रुमाल गुंडाळला होता.

"अगं," ते रुमालातून म्हणाले, "मलाही ने ना. मागे बसतो. गप्प."