टक् ऐकू येईपर्यंत आवळावे

पश्चिम आफ्रिकेतल्या आमच्या वागाडुगूमध्ये स्कूटरचा नट निखळणे ही बातमी होत नाही. पण त्या मंगळवारी निखळलेला नट एका उपसंचालकांच्या मागच्या चाकाचा होता. चाक सुटले, भर रस्त्यात साहेबांना मागे टाकून पुढे गेले आणि एका भातवालीच्या पातेल्याला धडकून थांबले. साहेबांचे कोपर खरचटले. कनिष्ठ वरिष्ठाच्या पुढे गेल्याची अशी उघड घटना शासन विसरू शकत नाही. पंधरा दिवसांत 'दुचाकी आवळण संचालनालय' स्थापन झाले.

संचालनालयाचे पहिले परिपत्रक असे होते: यापुढे शहरातील कोणत्याही गॅरेजात हाताच्या अंदाजाने आवळण्यास मनाई आहे. संचालनालयमान्य टॉर्क पाना वापरावा. टक् ऐकू येईपर्यंत आवळावे. टक् ऐकल्याची साक्षीदाराची सही नोंदवहीत घ्यावी. कसूर झाल्यास गॅरेज बंद करण्यात येईल.

मी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. हे परिपत्रक वाचून मला आनंद झाला, हे मी कबूल करते. टॉर्क पाना ही शहाणी वस्तू आहे. नट कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर आटे मरतात. नेमका जोर किती, तो आकडा पान्याच्या मुठीवर लावायचा, सावकाश ओढायचे आणि टक् झाले की थांबायचे. यातले थांबणेच लोकांना जड जाते.

माझी स्कूटर हामिदू निकिएमाकडे असते. शाळेच्या कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली त्याचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे फांदीला टांगलेला टायर, एक डुगडुगणारे बाक आणि जमिनीत अर्धे गाडलेले, जुन्या ट्रकच्या चाकाचे लोखंडी तुंबे, म्हणजे चाकाचा मधला गाभा, ज्यावर हामिदू बसतो. बावीस वर्षे तो तिथे आहे. नट आवळताना तो शेवटी डोळे मिटतो आणि कुणीतरी हाक मारल्यासारखा थांबतो. एकदा मी शाळेतला ताणकाटा त्याच्या पान्याच्या टोकाला लावून बघितला. माझ्या मागच्या चाकाला एकशे दहा न्यूटन-मीटर हवे होते. हामिदूने एकशे आठ दिले. दुसऱ्या वेळी एकशे अकरा. मी त्याला हे सांगितले नाही. आकडा कळलेला माणूस विचार करू लागतो.

त्याच्याकडे नोटीस घेऊन आले निरीक्षक झेर्बो, आणि घोटाळा तिथेच झाला. हामिदू मोसी जमातीचा, झेर्बो सामो. आमच्याकडे मोसी आणि सामो समोरासमोर आले की एकमेकांचा उद्धार करतात. तो पूर्वजांपासूनचा रिवाज आहे. मयताच्या घरीसुद्धा तो चुकत नाही, आणि त्यावर रागावणे हा असंस्कृतपणा समजला जातो.

"हामिदू निकिएमा," झेर्बोंनी खड्या आवाजात वाचले, "पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मान्य पान्याचं टक् नोंदवलं नाहीस, तर हे गॅरेज बंद करण्यात येईल."

हामिदू पोट धरून हसला. "सामो मला बंद करणार म्हणे. अरे, तुझे आजोबा माझ्या आजोबांचं अंगण झाडायचे. त्यांना विचारून आलास का?"

"तुझ्या आजोबांना अंगण होतं?" झेर्बोंच्या तोंडून सवयीने निघून गेले. "आमच्याच ओसरीवर झोपायचे ते. घोरायचे म्हणून बाहेर काढलं."

दोघेही खूप हसले. हामिदूने नोटिशीची घडी करून ती बाकाच्या तोकड्या पायाखाली सारली. बाक डुगडुगायचे थांबले. संचालनालयाच्या कागदाने साधलेली ही पहिली स्थिरता.

झेर्बोंनी अहवालात लिहिले: 'नोटीस बजावली. संबंधित इसम हसला.' वरून विचारणा आली, का हसला. दुसरी नोटीस लाल शिक्क्यासह निघाली. शिक्का होता: 'ही थट्टा नव्हे.'

"बघा बाई," हामिदूने ती मला दाखवली, डोळे पुसत. "शिक्कासुद्धा बनवून घेतला त्याने. सामोची जात, थट्टेला खर्च करायला मागेपुढे बघत नाही."

संचालनालयाच्या विधी शाखेने मत दिले की सामोने मोसीला बजावलेली नोटीस बजावली गेली की नाही हे कायद्याने ठरवता येत नाही. दुसरा निरीक्षक होता, पण तो हामिदूचा आतेभाऊ निघाला. शेवटी कुंपणापलीकडच्या शाळेतून एक तटस्थ, सुशिक्षित व्यक्ती मागवण्यात आली. मी बिसा जमातीची. माझा पाणउतारा करण्याचा हक्क गुरुन्सी लोकांचा, या प्रकरणात कुणाचाच नाही. गुरुवारी सकाळी मी कडुनिंबाखाली उभी राहून नोटीस वाचली.

हामिदूचा चेहरा उतरला. "बाई, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग तो इतके दिवस हसत का होता?"

"तू हसत होतास म्हणून."

तो तुंब्यावर बसला. "बावीस वर्षं झाली," तो म्हणाला. "या झाडाला पाणी घालून मी वाढवलं, बाई. मी दुसऱ्या झाडाखाली जाऊन काय करू?"

एक दिवस आणि काही तास उरले होते. मी वहीचा कागद फाडून त्याला पाना कसा निवडायचा ते लिहून दिले. आपल्याला लागणारे आकडे पान्याच्या पट्टीच्या मधल्या भागात यायला हवेत, अगदी टोकाला नकोत. स्पार्क प्लगला बारा, ऑइलच्या बोल्टला चोवीस, मागच्या चाकाला एकशे दहा. म्हणजे दोन पाने, एक छोटा, एक मध्यम. काम झाले की मुठीवरचा आकडा तळाला आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. पान्याने नट सोडवायचा नाही. हामिदूने कागद खिशात ठेवला. आम्ही संचालनालयात गेलो.

मान्य पाना एकच होता. निविदेत 'क्षमता' या रकान्याला सर्वाधिक गुण होते, म्हणून सर्वांत मोठा पाना जिंकला. तो ट्रकच्या चाकांसाठी केलेला होता आणि उभा केला की झेर्बोंच्या खांद्याला लागत होता. तो काचेच्या कपाटात होता. बघणाऱ्यावर छाप पडावी म्हणून आकडा सर्वांत वर, हजारावर लावून ठेवला होता.

"साहेब, याची स्प्रिंग थकेल," मी म्हणाले.

"सरकारी स्प्रिंग आहे, बाई."

"आणि याचा सर्वांत खालचा आकडा एकशे चाळीस आहे. स्पार्क प्लगला बारा पुरतात."

झेर्बोंनी क्षणभर हिशेब केला. "मग उरलेले एकशे अठ्ठावीस सुरक्षेसाठी समजा."

शुक्रवारी दुपारी पाना कडुनिंबाखाली आला. प्रात्यक्षिकासाठी झेर्बोंचीच सरकारी स्कूटर घेतली, कारण नियमांची सुरुवात स्वतःपासून करावी असे संचालनालयाचे धोरण होते. परिपत्रकातला क्रम स्पार्क प्लगपासून होता. मी आकडा एकशे चाळीसवर आणला. यापेक्षा खाली तो जाईना. हामिदूने दांडा धरला.

"मन नाही होत," तो म्हणाला.

"मन होण्याची अट नाही," झेर्बो म्हणाले. "ओढ."

हामिदूने ओढले. थोड्या वेळाने कट् असा आवाज आला.

"झालं?"

"हे टक् नव्हे," मी म्हणाले. "प्लग तुटला."

झेर्बोंनी परिपत्रक पाहिले. टक् ऐकू येईपर्यंत आवळावे, असे होते. आवळण्यासारखे काही उरले नसेल तर काय, हे नव्हते. त्यांनी ऑइलच्या बोल्टकडे बोट दाखवले. बोल्टने प्लगचा कित्ता गिरवला. काळे तेल लाल मातीत सावकाश पसरले. नोंदवहीत झेर्बोंनी लिहिले: 'सुट्या भागांनी सहकार्य केले नाही.' घड्याळात साडेचार वाजले होते. आता मागच्या चाकाची पाळी होती.

"थांब," हामिदू म्हणाला. "सामो, तुला टक् पाहिजे ना?"

"मला नाही, संचालनालयाला."

हामिदू तुंब्यावरून उठला. ट्रकचे तुंबे, त्यावर मुठीएवढा नट. या पान्यासाठी जगात एखादा नट केला गेला असेल, तर तो हाच. हामिदूने पाना नटावर बसवला, पाय रोवले, सावकाश ओढले. स्वच्छ, गोल आवाज आला. टक्.

झाडावरचा कावळा उडाला. झेर्बोंनी वाकून तुंबे तपासले.

"पण हे स्कूटरचं नाही."

मी परिपत्रक दोनदा वाचले. "कोणता नट, हे यात दिलेलं नाही, साहेब."

"बाई, तुम्ही साक्षीदार आहात. टक् ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हणाले. हे निरीक्षण म्हणून बिनचूक होते. मी सही केली.

झेर्बोंची लेखणी अडखळली. "याच्यावर मी सही करू म्हणतोस?"

"नको करूस," हामिदू म्हणाला. "स्कूटर ढकलत ऑफिसला ने. तुझ्या घराण्याला ओझी वाहायची सवय आहे."

यावर रागावणे शक्यच नव्हते. झेर्बो हसले, आणि हसता हसता सही केली. पाचला सात मिनिटे होती. सही खरी की थट्टेची, हे विधी शाखेला आजतागायत ठरवता आलेले नाही, त्यामुळे ती कायम आहे. झाडही आहे.

मान्य पाना परत मागवायचे कुणाला सुचले नाही, तो तुंब्यावरच असतो. आता हामिदूची पद्धत ठरली आहे. तो आपल्या पान्याने नट आवळतो, डोळे मिटतो, थांबतो. मग उठतो, तुंब्याशी जातो, दांडा ओढतो. टक् होते. गिऱ्हाईक सही करते. संचालनालयाच्या वार्षिक अहवालात शंभर टक्के टक् नोंदले गेले आहे. अपघात पूर्वीइतकेच आहेत, पण त्यांचा रकाना अहवालात नाही. उपसंचालक संचालक झाले. गिऱ्हाइकांना तर टक् फार आवडले. परवा एक परिचारिका फक्त दिवा बदलायला आली होती. ती जाताना म्हणाली, "दोन टक् करा हो, मला लांब बोबोला जायचंय."

मी हसले होते.

मग मागच्या आठवड्यात हामिदू गावी मयताला गेला होता. माझी स्कूटर त्याने आदल्या दिवशी उघडून ठेवली होती, आणि मला पहिल्या तासाला उशीर होत होता. शेजारच्या टायरवाल्याने चाक जागेवर सरकवले, तुंब्याकडे गेला आणि दांडा ओढला. टक् झाले. मी सही केली, स्कूटरवर बसले आणि निश्चिंत मनाने निघाले. शाळेच्या फाटकाशी आल्यावर मला आठवले की मागच्या नटाला कुणी हात लावलेला नाही. मी उतरून पाहिले. तो बोटांनी फिरत होता. तासाला मी मुलींना टॉर्क शिकवला.

तुम्ही हसत असाल तर हसा. तुमची गाडी मागच्या खेपेला सर्व्हिसिंगहून आली, तेव्हा सोबत एक कागद होता. त्यावर वीसेक चौकटी होत्या, आणि प्रत्येक चौकटीत एकाच हाताने, एकाच दमात केलेली बरोबरची खूण होती. तुम्ही त्या सगळ्या खुणा पाहिल्यात, खाली सही केलीत आणि गाडी सुरू केलीत.