सोळावा ट्रॅक

"ट्रॅकची मर्यादा संपली आहे," असं पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. रेडिओच्या घरगुती गीतस्पर्धेत गाणं पाठवायची मुदत पाच वाजता संपत होती. सासूबाईंचं शेवटचं कडवं अजून घशातच होतं.

"जावईबापू, म्हणजे काय झालं?" हेडफोनखालून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, एक मिनिट," जावई म्हणाला. एक मिनिट म्हणणारा माणूस किती पाण्यात असतो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. त्यात सहा मिनिटं गेली आणि लाल अक्षरं होती तिथेच परत आली.

त्याचं सॉफ्टवेअर होतं फुकटातलं. त्यात ट्रॅक, म्हणजे आवाज टिपायच्या पट्ट्या, सोळाच; एकही जास्त नाही. एरवी जाहिरातींसाठी आवाज टिपून देणाऱ्या माणसाला चारसुद्धा पुरतात. पण गाण्याच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या सासूबाईंना काहीही पुसलेलं खपत नसे. एक ओळ पाच वेळा गायल्या तर पाचही राहिल्या पाहिजेत, तेही वेगवेगळ्या ट्रॅकवर! पाच रविवार हेच चाललं होतं.

"एखादा ट्रॅक काढू या? ह्या सातव्यावर तर नुसता खोकला आहे."

"पण खोकल्याच्या आधीचा सूर काय लागलाय! हात लावायचा नाही."

"मग दोन ट्रॅक एकत्र करतो."

"म्हणजे खिचडी? मुळीच नाही."

"साडेचार!" दारातून बायको ओरडली. फॉर्म तिनंच भरला होता, माइकही तिनंच आणवला होता, आणि आता चहाचा कप हातात घेऊन घड्याळही तीच वाचत होती.

जावई पडद्याशी वाकला. त्यानं बोट ठेवून ट्रॅक मोजले. पंधरा. पुन्हा मोजले. पंधराच! मग सोळावा गेला कुठे?

"लपवलेले ट्रॅकही मोजले जातात म्हणे," बायको मोबाईलवर वाचत म्हणाली. "डावीकडे डोळ्याचं चित्र आहे बघ, ते दाब."

त्यानं दाबलं आणि तळाशी सोळावा ट्रॅक हजर झाला. सकाळी माइक तपासायला त्यानं हा ट्रॅक चालू केला होता आणि तसाच सोडून नाश्त्याला गेला होता. परत आल्यावर नजरेसमोर नको म्हणून लपवला, तो साफ विसरला. आणि नाश्त्याला जाण्याआधी ह्याच खोलीत, ह्याच माइकसमोर, तो बायकोशी काय बोलला होता ते आता त्याला शब्दन् शब्द आठवलं.

"सापडला! पुसतोच," तो घाईघाईनं म्हणाला.

"थांबा! न ऐकता काही पुसायचं नाही."

"आई, रिकामाच आहे तो."

"रिकाम्यात एवढ्या रेघा? लावा बघू."

पंधरा मिनिटं उरली होती. वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. स्पीकरमधून त्याचाच आवाज खणखणीत आला : "तुझ्या आईचा सूर चढला की माझ्या पोटात गोळा येतो गं. पाच रविवार गेले! पण निवृत्तीनंतर त्या खचल्यात असं तू म्हणालीस, म्हणून मी तोंडातून ब्र काढत नाही."

जावई मान खाली घालून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

"असं का!" सासूबाई म्हणाल्या. "चालू द्या पुढे."

पुढे दार लागल्याचा आवाज आला, मग ते पुन्हा उघडल्याचा, आणि सासूबाईच फोनवर बोलू लागल्या : "अगं ताई, मला कसली आलीय हौस..."

"बंद करा, बंद करा!"

"न ऐकता पुसायचं नाही ना, आई?" जावई म्हणाला.

"...घसा सोलून निघालाय माझा. पण लेक म्हणाली, जावई हल्ली कामाअभावी घुम्यासारखे बसून असतात, त्यांचं मन रमेल असं काहीतरी दे. म्हणून गातेय बाई. मुद्दाम एकेक ओळ पाच-पाच वेळा गाते, तेवढाच त्यांचा वेळ जातो."

जावयानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. मग दोघांनीही दाराकडे पाहिलं. बायको चहाचा कप घेऊन हळूच मागे सरकत होती.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"साखर... साखर बघते."

"ती नंतर बघ. जावईबापू, किती वेळ आहे?"

"आठ मिनिटं."

"पुसा तो सोळावा. नवा उघडा." सासूबाईंनी हेडफोन काढले आणि लेकीच्या डोक्यावर चढवले. "शेवटचं कडवं ही गाणार."

"अगं आई, मला सूर लागत नाही! शाळेत मला समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगायचे!"

"कोण सांगायचं?"

"तूच!"

"बरोबरच सांगायचे. गा."

जावयानं लाल बटण दाबलं. बायकोनं डोळे घट्ट मिटून जे काही गायलं, त्याला गाणं म्हणणं धाडसाचं होतं. दुसऱ्या ओळीला सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि जावई टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागला. पाच रविवारांत पहिल्यांदाच दोघांना त्या खोलीत मजा येत होती.

"परत घेऊ या ना," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. "अजून तीन मिनिटं आहेत!"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या, आणि जावयाचा हात बाजूला सारून त्यांनी स्वतःच 'पाठवा'वर बोट दाबलं.