मेश्रामकाकांचा कान

सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी घोरतो तोवर सगळं ठीक असतं. घोरणं थांबलं की शेजारचे मेश्रामकाका भिंतीवर धाडधाड मुठी मारतात.

नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला भर दुपारी असं उठवणं म्हणजे छळच. पहिल्यांदा मी तणतणत त्यांच्या दारात गेलो, तर काका हातात घड्याळ घेऊन शांत उभे. "तुहा ब्लोअर बंद पडला होता, बाबू. वीस सेकंद. मी मोजून राहिलो होतो."

काकांचा सारा जन्म प्लांटमधले ब्लोअर, म्हणजे भट्टीला हवा देणारी यंत्रं, सांभाळण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी झोपेचा अभ्यास धरला. कच्ची, मधली, पक्की आणि सपनाची, असे झोपेचे चार प्रकार ते सांगतात आणि चेहरा पाहून निदान करतात. कुम्हारी गावातल्या एका लग्नात नवरदेवाचे मामा खुर्चीतच कलंडले. लोक हलवायला धावले, तर काका आडवे आले. "हात नोका लावू! पापणीखाली बुबुळ पळून राहिलं. सपनात आहे तो." मामा उठले ते लाजत. स्वप्नात काय होतं, ते मामींना शेवटपर्यंत कळलं नाही.

मला मात्र त्यांचं एकच पालुपद. "दवाखान्यात दाखव. झोपेत श्वास अडकते तुहा." एकदा मी चिडलोच. "काका, माझ्या श्वासाचं तुम्हाला काय पडलंय?"

घड्याळाची काच पुसत ते म्हणाले, "तुही काकी जबरदस्त घोरे. जिंदगीभर कोपरानं ढोसलं मी तिले. एका दुपारी आवाज बंद झाला. मले वाटलं, चला, आता मस्त झोपतो. झोपलो ना मी! उठलो तं ती गेली होती."

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टर गाठला. आता तोंडावर मास्क लावून झोपतो. मशीन हवा देतं, घोरणं संपलं. पहिल्याच दुपारी काका अनवाणी धावत आले. बायकोनं त्यांना आत आणून माझी हलणारी छाती दाखवली. ते बराच वेळ तिथंच बसून होते म्हणे.

तेव्हापासून मी उठलो की आधी भिंतीवर दोनदा टकटक करतो. पलीकडून विचारणा होते, "झाली का पक्की?" मगच काका आडवे होतात. थोड्या वेळानं त्यांचं घोरणं सुरू होतं, आणि भिंतीला कान लावून बसायची पाळी माझी असते.