दीड इंचाचा हुरूप

श्वास आत ओढून, खांदे मागे टाकून मास्तर आरशासमोर उभे होते आणि कंबरेभोवती गुंडाळलेल्या टेपकडे आशेने बघत होते. टेपने गेल्या रविवारचाच आकडा पुन्हा सांगितला. मास्तरांनी श्वास सोडला, तशी त्या आकड्यातही थोडी भर पडली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ते मशीनवर बसत आणि दिवे लागल्यावर पुष्कळ वेळाने उठत. मधल्या काळात त्यांचे हलत ते फक्त हात, पाय आणि तोंड. कारण मशीनशेजारी बिस्किटांचा डबा असे. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासून बजावलं होतं, की साखर दाराशी येऊन उभी आहे. रोज चाला, साधं खा, कंबर उतरवा, नाहीतर जन्मभर गोळ्या. तेव्हापासून मास्तर पहाटे चालत होते आणि दुपारी उकडलेल्या भाज्या खात होते. खाताना त्यांचा चेहरा असा होई, की गिऱ्हाइकं काय झालं म्हणून चौकशी करत.

"बास झालं आता," टेप खुंटीला टांगत मास्तर म्हणाले. "दिवसभर राबायचं, वर गाजरं चावायची, आणि कंबर आहे तिथेच. उद्यापासून मी उठणार नाही."

कटिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. याच साखरेपायी सासऱ्यांचे शेवटचे दिवस कसे गेले, ते वहिनींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नवऱ्याचा स्वभावही त्यांना पुरता ठाऊक होता. हुरूप असला तर हा माणूस डोंगर उपसेल, आणि हुरूप गेला की पांघरूण डोक्यावरून घेईल.

वहिनींना तेव्हाच तो दुसरा टेप आठवला. दोऱ्याच्या एजंटाने रिळांच्या खोक्याबरोबर फुकट दिलेला. टेबलाच्या कडेला ठोकलेल्या मापाच्या लोखंडी पट्टीला लावून पाहिल्यावर त्याचं बिंग फुटलं होतं: त्यातला प्रत्येक इंच जरा ऐसपैस होता. त्याने जाडा माणूस मोजला की बारीक भरे. वहिनींनी तो फेकायला म्हणून काढून ठेवला होता. मास्तर तोंड धुवायला आत गेले, तेवढ्यात खुंटीवरचा खरा टेप वहिनींच्या ट्रंकेत गेला आणि तो ऐसपैस टेप खुंटीवर आला. दोन्ही पिवळेच, बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

"अहो, मघाशी पोटात पाणी होतं तुमच्या," वहिनी म्हणाल्या. "परत एकदा माप घ्या बघू."

मास्तरांनी कुरकुरत माप घेतलं आणि दीड इंचाने हलके होऊन आरशासमोर उभे राहिले. एका तांब्याभर पाण्याने माणसाची कंबर दीड इंच वाढते का, असा प्रश्न त्यांना पडला नाही. गोड बातमीची कोणी उलटतपासणी घेत नाही. पँट अजून तशीच आवळत होती, पण टेपपुढे पँटीचं कोण ऐकतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर अंधारातच उठले. गाजराला नावं ठेवणं बंद झालं, बिस्किटांचा डबा त्यांनी आपण होऊन आत पाठवून दिला. दुकानाचंही काही बिघडलं नाही. मास्तर गिऱ्हाइकाची मापं त्या टेपने घेत, पण कापड कापायच्या वहिनी, टेबलाच्या पट्टीवर. मास्तरांनी सांगितलेल्या प्रत्येक मापात त्या मनातल्या मनात थोडी भर घालत आणि कात्री चालवत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि वहिनींच्या बहिणीचा पाय मोडला. फोन आला तशा त्या हातातली कात्री ठेवून, मिळेल त्या गाडीने बहिणीकडे गेल्या. टेपची आठवण त्यांना राहिली नाही. पंधरा दिवस मापंही मास्तरांनी त्याच टेपने घेतली आणि कापडही मास्तरांनीच पट्टीवर कापलं, मापात काही भर न घालता. शाळा सुरू व्हायचे दिवस, त्यामुळे कामाचा नुसता ढीग.

आठवड्याभरात पहिले कपडे गेले आणि बोंब व्हायला हवी होती, ती झाली नाही. घोडं इथेच अडलं. मास्तरांचं माप कधी चुकत नाही ही गल्लीची श्रद्धा. त्यामुळे ज्याला कपडा आवळला त्याने मास्तरांना नव्हे, स्वतःला दोष दिला. गणवेश तोकडे झाले तशा आया हरखल्या. पोरं आठवड्यात अंगाने भरली, दूध लागू पडलं, असं एकमेकींना सांगू लागल्या. मोठी माणसं मात्र खाली मान घालून दुकानात आली. बँकेतले कॅशियर नवी पँट घेऊन आले आणि जरा आवळतेय हो, असं हळूच म्हणाले.

कोणाला सांगू आणि कोणाला नको, असं मास्तरांना झालंच होतं. त्यांनी कॅशियरना स्टुलावर बसवलं आणि दिवसभर खुर्चीत बसण्याचे परिणाम ऐकवले.

"साहेब, पँट उसवून देतो, त्यात काय मोठंसं. पण कंबर कुठवर उसवत जाणार? मीसुद्धा बैठंच काम करतो. बघा माझ्याकडे."

कॅशियरनी बघितलं. त्यांना फारसं काही दिसलं नाही, पण मास्तरांच्या चेहऱ्यावरचा विश्वास पाहून ते दुसऱ्या दिवशी पहाटे दुकानापुढे येऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मग औषधांच्या दुकानवाला आणि त्याचा भाऊ. सगळ्यांचे कपडे मास्तरांनीच शिवलेले. मास्तरांनी फोनवर बायकोला सांगितलं, "अगं, आपली अख्खी गल्ली सुटलीय. बरं झालं मी वेळीच जागा झालो."

वहिनींना तो टेप तेव्हा आठवला. बहिणीला चार पावलं टाकता येऊ लागल्याबरोबर त्या परत निघाल्या आणि पहाटेच गल्लीत उतरल्या. समोरून एक मिरवणूक येत होती. सगळ्यांत पुढे मास्तर हात हलवत, आणि मागे धापा टाकणारी गिऱ्हाइकं. शेवटून दुसरे, नव्या पँटीत जपून पाऊल टाकत, खुद्द डॉक्टर होते.

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचं दुकानाचं नाव आपल्या एका खोटेपणापायी जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. सामान घरात टाकून त्या आधी कॅशियरच्या घरी गेल्या आणि दारातच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कपडे परत द्या, फुकट सैल करून देते, म्हणाल्या. कॅशियरच्या बायकोने त्यांना हाताला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"वहिनी, पाया पडते, यांना सांगू नका," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस खुर्चीतून उठलाय."

औषधवाल्याच्या घरी हेच झालं, फक्त तिथे पाया पडायला दोन जावा होत्या. डॉक्टरांच्या घरी तर डॉक्टरीणबाई हसता हसता सोफ्यावर बसल्या. आयुष्यभर सगळ्या गावाला चाला, चाला म्हणून सांगणारा माणूस स्वतः कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गाडीने जात होता. बाईंनी वहिनींकडून शपथ घेतली, की हे कुठे बोलायचं नाही, आणि तसला टेप आणखी एखादा मिळेल का, असंही विचारलं.

आता राहिले मास्तर. त्यांच्यापाशी खोटं बोलणं वहिनींच्याने होईना. दुपारी दुकान रिकामं बघून त्यांनी ट्रंकेतला टेप काढला आणि दोन्ही टेप पट्टीवर शेजारी शेजारी पसरले. मास्तरांनी एकेक इंच ताडून पाहिला. मग त्यांनी खरा टेप कंबरेला लावला. उतरली होती म्हणायची, बोटभर.

"म्हणजे मी लोकांना आवळते कपडे शिवले, आणि वर त्यांनाच अक्कल शिकवली," ते म्हणाले.

वहिनींनी मान खाली घातली. तुम्ही चालणं सोडाल म्हणून भीती वाटली, असं त्या म्हणाल्या. मास्तर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते मशीनवर जाऊन बसले.

"उद्यापासून मी उठणार नाही," ते म्हणाले. "कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांच्या पुढे चालायला मी आता कोण?"

एवढा खटाटोप केला आणि गाडी पुन्हा पहिल्या रविवारावर येऊन थांबली. मग मास्तरांनी मशीनखालून एक पुडकं काढलं आणि वहिनींकडे न बघता पुढे केलं. आत निळा ड्रेस होता. "तू नव्हतीस तेव्हा रात्री दुकान बंद केल्यावर शिवला. घर खायला उठायचं. घालून तर बघ."

वहिनी डोळे पुसत आत गेल्या. बराच वेळ आतून नुसती झटापट ऐकू आली. शेवटी त्या बाहेर आल्या तेव्हा ड्रेस अंगात होता, पण पाठीवरची चेन अर्ध्यावर अडली होती. तरी चेहरा उजळला होता, कारण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हसायला कारण मिळालं होतं.

"बघा तुमचा तो टेप," त्या म्हणाल्या. "मलाही नाही सोडलं मेल्याने."

मास्तर चष्मा सावरून चेनीपाशी आले. शिंप्याच्या नजरेने त्यांनी पाठ बघितली, खांदे बघितले, कंबर बघितली.

"याला टेप लावलाच नाही," ते म्हणाले. "तू इथे नव्हतीस, माप घेणार कोणाचं? तुझा मागच्या वर्षीचा तो चांगला बसणारा ड्रेस टेबलावर पसरला आणि त्याबरहुकूम कापलं."

मास्तरांनी आत पाठवलेल्या बिस्किटांच्या डब्याचं पुढे काय झालं, हे त्या घरात एकट्या वहिनींनाच माहीत होतं. वाया कशाला घालवायची, म्हणून काम करता करता उभ्याउभ्याच संपवली होती. एक डबा संपला तेव्हा दुसराही आणला होता.

"पहाटे कितीला निघता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"तू येणार असलीस तर मी उठेन," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा ऐसपैस टेप उचलला आणि गळ्यात हार घालावा तसा बायकोच्या गळ्यात घातला. "सुरुवातीला हा वापर. हुरूप राहतो."