चकलीची तपासणी

सुशांत बोकारेच्या घरी आलेले पाहुणे दारात बूट काढत आणि थोड्याच वेळात मोजेही. बूट काढायचे ते आपल्या रीतीप्रमाणे, मोजे काढायचे ते चकलीमुळे. चकली ही तेरा वर्षांची कुत्री. शेपटीचं वेटोळं चकलीसारखं म्हणून तिला हे नाव मिळालं. अलीकडे ती गालिच्यावरून झोपून उठली, की मागे एक ओला गोल राहायचा आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावच्या यच्चयावत मराठी माणसांचा मोजा नेमका त्याच गोलात पडायचा.

उपायांना काही कमी नव्हती. घरभर पॅड अंथरले होते, सोफ्यावर प्लास्टिक चढलं होतं, वॉशिंग मशीनला रविवारचीसुद्धा सुट्टी नव्हती. सुशांतच्या बायकोनं, हिमानीनं, कुत्र्यांचे डायपर आणले, तर चकलीनं त्यातला पहिलाच फाडून दिवाणखानाभर कापूस पसरला. मग नागपूरहून मुक्कामाला आलेल्या शैलजाबाईंनी, म्हणजे सुशांतच्या आईनं, आपलं जुनं सुती पातळ फाडून लंगोट शिवले. शेपटीसाठी भोक ठेवलं, पण ते वेटोळं काही त्यातून जाईना. ते ओवायला दोन माणसं लागत.

वास्तविक घरात कुत्रं असणं हेच शैलजाबाईंना मान्य नव्हतं आणि हे त्या रोज सकाळी चहाबरोबर जाहीर करत. मात्र बाईंना चौकसपणाची खोड होती. एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"काय रे सुशांत, ही जागी असली की बरी असते. झोपली की होऊन राहिलं. असं काहून?"

"आई, म्हातारी झाली ती."

"मीही म्हातारी झाली. मला होते का?"

सुशांत लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर धीर दिला होता. म्हाताऱ्या कुत्रींना असं पुष्कळदा होतं आणि बहुतेक वेळा साध्या गोळीनं थांबतं. पण आधी लघवी तपासायला हवी. साखर, मूत्रपिंड, जंतू, यातलं काही निघालं तर गोष्ट वेगळी. पहाटेचा नमुना स्वच्छ डब्यात घ्यायचा आणि आणेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचा.

ऐकायला सोपं वाटतं. परंतु कोणतीही कुत्री, कितीही म्हातारी असो, मागे डबा घेऊन चालणाऱ्या माणसाला सहकार्य करत नाही. सुशांतनं वरणाचा जुना डाव व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला चिकटपट्टीनं बांधला आणि उजाडताच तळ्याकाठच्या वाटेवर चकलीच्या मागे वाकून वाकून फिरू लागला. समोरून शेजारचा गिरीश आला.

"काय करतोयस, यार?"

"सॅम्पल घेतोय."

गिरीशनं डावाकडे नीट पाहिलं. "शनिवारच्या पॉटलकच्या जेवणाला वरण तुमच्याकडेच आहे ना?"

"हो."

"राहू दे. मी पिझ्झा मागवतो."

अखेर नमुना मिळाला. तो सुशांतनं दह्याच्या रिकाम्या डब्यात ओतला. अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याचा डबा कधीच फेकला जात नाही आणि त्यावर दही लिहिलेलं असलं, तर आत दही सोडून काहीही असू शकतं. डबा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी ठेवून तो आंघोळीला गेला. हिमानीनं तो पाहिला, कोथिंबीर कचऱ्यात टाकली आणि डबा सगळ्यात खाली, पार मागच्या कोपऱ्यात सरकवला.

"खाली ठेवलाय रे, अगदी मागे," तिनं बाथरूमच्या दाराशी जाऊन सांगितलं. "लेबल तरी लाव."

"कशाला? मला कळतं."

आंघोळ उरकून त्यानं फ्रीजमध्ये खाली वाकून मागचा दह्याचा डबा काढला, झाकण किंचित उचलून पाहिलं. आत पिवळं होतं. जरा दाट वाटलं, पण म्हातारपणी दाट होत असेल असं म्हणून तो क्लिनिकमध्ये देऊन थेट ऑफिसला गेला.

दुपारी क्लिनिकमधून फोन आला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. फोन ऐकून त्याचा चेहरा असा उतरला, की मॅनेजरनं न विचारताच त्याला घरी पाठवलं. चकलीच्या लघवीत अफाट साखर होती. तपासायची पट्टी बुडवताक्षणी काळी पडली होती. शिवाय आत लाल धागे तरंगत होते आणि ते काय आहेत हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. ताबडतोब घेऊन या, असा निरोप होता.

"तिला गोड कोण देतंय?" घरात पाऊल टाकताच सुशांतनं विचारलं.

हिमानीला एकदम काही आठवलं. पॉटलकसाठी केलेल्या गुलाबजामांचा मोठा डबा तिनं उघडला. तो निम्मा झाला होता.

"डोन्ट लुक ॲट मी," दहा वर्षांची अनिका म्हणाली. "मला गुलाबजाम यकी वाटतात."

मग सगळ्यांनी शैलजाबाईंकडे पाहिलं. शैलजाबाईंना मधुमेह होता आणि हिमानीनं त्यांचं गोड कडक बंद केलं होतं. त्यामुळे त्यांनी खाल्ले असतील असं म्हणायची सोय नव्हती. उरला एकच संशय, आणि तो बाईंनीच बोलून दाखवला.

"आता माझ्याकडे काय पाहता? ती बसते पायाशी तोंडाकडे बघत. देते एखाद्या वेळी."

"आई, तुम्ही तिला गुलाबजाम दिलेत?" हिमानी खालीच बसली. "तुम्हाला तर ती आवडतसुद्धा नाही."

"आवडत नाही म्हणून काय उपाशी मारायचं?"

चकलीनं आपलं नाव निघाल्यासारखी शेपटी हलवली आणि आरोप कबूल करून टाकला.

हिमानीला कॉल होता, म्हणून सुशांत, अनिका आणि चकली निघाले. शैलजाबाई न बोलावता चपला घालून गाडीत जाऊन बसल्या. चकलीबरोबर गाडीत बसताना घ्यायचा जाड टॉवेल त्यांनी मांडीवर घेतला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चकलीचं रक्त काढलं. आत जाऊन आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं. रक्तातली साखर अगदी नॉर्मल होती. रोज गोड खाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीचं रक्त इतकं छान त्यांनी पाहिलं नव्हतं. रक्तात साखर नाही आणि लघवीत पाकासारखी, याचा अर्थ मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ आजार असू शकतो. लाल धागे कदाचित मूत्राशयातले जंत असतील. युनिव्हर्सिटीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवून, भूल देऊन, मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागेल.

"भूल सोसेल तिला?" सुशांतनं विचारलं.

या वयात सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. काही कुत्री उठत नाहीत. पण थांबलो तर मूत्रपिंड जाईल. त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला.

सुशांतचं लग्न व्हायच्या आधी, एकट्यानं काढलेल्या पहिल्या हिवाळ्यात, त्यानं चकलीला घरी आणलं होतं. त्यानं पेन हातात घेतलं आणि त्याला समोरचं काही दिसेना. अनिका चकलीच्या मानेत तोंड खुपसून रडू लागली. चकलीनं तिचा कान चाटला.

शैलजाबाईंना इंग्रजी बोलायला जड जाई, पण कळे सगळं. 'पाकासारखी' हा शब्द त्यांना खटकला होता. आता त्यांनी नातीचा खांदा हलवला.

"अनू, त्यांना विचार, ते लाल धागे मला पाहता येतील का?"

डॉक्टरीणबाईंना चौकस माणसाची कदर असावी. त्यांनी पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. तोंडाशी रुंद झालेला एक लालभडक धागा होता. शेजारी उभी असलेली मदतनीस मुलगी सहज म्हणाली, की या नमुन्याला वाससुद्धा विचित्र आहे, कॉफीशॉपातल्या मसाला चहासारखा.

शैलजाबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांना कळायचं ते केव्हाच कळलं होतं. हे सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागेल, याचा त्या हिशेब करत होत्या. मुलगा बोलेल, सून बोलेल, नागपूरला मुलीला फोन जाईल, आणि उरलेल्या मुक्कामात चहातली चिमूटभर साखरही बंद होईल. तेवढ्यात सुशांतनं पेनचं टोपण काढलं.

"थांब," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून त्यांनी सरळ इंग्रजी सुरू केलं. "धिस नॉट वर्म. धिस सॅफ्रन. माय सॅफ्रन."

"आई, काय बोलतेस?"

"पाक आहे तो, बाबा. गुलाबजामचा. केशर मीच घातलं, वेलदोडेही मीच कुटून घातले." त्या मुलाकडे न पाहता बोलत होत्या. "चकलीला मी एकही गुलाबजाम दिला नाही. तिनं वासही घेतला नाही बिचारीनं. मीच खाल्ले सगळे. तुम्ही कामाला गेले की दुपारी एकेक काढून घ्यायची. मोठ्या डब्यातून दह्याच्या डब्यात ठेवायची, पाकासकट. खाली, अगदी मागं, कुणाला दिसू नये म्हणून."

"अगदी मागं," सुशांत पुटपुटला.

"गुलाबजाम काल संपले. पाक ठेवला होता. पोळीसंगं बरा लागते."

अनिकानं डोळे पुसत सगळं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मदतनीस मुलगी तर बाहेरच गेली. सहीचा कागद टेबलावर तसाच राहिला. जरा वेळानं डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, की मग चकलीचा नमुना कुठे आहे?

सुशांतचा चेहरा आणखी पडला. "आई, आज दुपारी तू पोळी..."

"आज संकष्टी आहे," शैलजाबाई म्हणाल्या. "चंद्र निघाल्यावर उपास सोडणार होती." त्यांनी तिथेच हात जोडले. इतक्या मनापासून त्यांनी गणपतीला गेल्या कित्येक वर्षांत नमस्कार केला नव्हता.

हिमानीला फोन गेला. खालचा दह्याचा डबा, उघडू नकोस, तसाच घेऊन ये, का ते घरी सांगतो. तिनं आणला. तपासणीत काहीही निघालं नाही, ना साखर, ना जंतू. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. लहानपणी पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेल्या कुत्रींचे स्नायू म्हातारपणी सैलावतात आणि झोपेत तर अगदीच, म्हणून जागेपणी होत नाही, हेही त्यांनी समजावलं.

"मी हेच विचारून राहिली होती," शैलजाबाई म्हणाल्या. "काहून झोपेतच होते म्हणून."

हिमानी सासूकडे बघत होती. घरी गेल्यावर ती बोलणार हे स्पष्ट दिसत होतं. अनिकाला घेऊन ती आपल्या गाडीनं गेली. सुशांतच्या गाडीत मागच्या सीटवर शैलजाबाई बसल्या आणि चकली त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. दिवसभराच्या दगदगीनं तिचा लगेच डोळा लागला. लंगोट तपासणीच्या वेळी काढला होता, तो क्लिनिकमध्येच राहिला.

सिग्नलवर गाडी थांबली. सुशांतनं नाकानं श्वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"आई, मागे काही झालं का?"

"काही नाही." शैलजाबाईंनी ओला झालेला पदर चकलीच्या अंगाखाली आणखी नीट सरकवला, तिला जाग येणार नाही अशा बेतानं. "माझ्या हातून पाण्याची बाटली सांडली."

पाण्याची बाटली सुशांतच्या शेजारच्या खाचेत उभी होती, गळ्यापर्यंत भरलेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आरशातून आईकडे पाहिलं.

"सांडू दे," तो म्हणाला. "घरी गेल्यावर पुसू."